मल्लूच्या वहीतली कोरी ओळ

दत्तोबाची जीप शाळेशी थांबली तेव्हा शाळा सुटली होती, पण मी सहावीचे चाचणीचे पेपर तपासत बसले होते. दत्तोबा मंगळवेढ्याचा. ज्वारीची पोती आणि गावची माणसं एकाच जीपमधून सोलापूरला आणणारा. एरवी फाटकातूनच हाक मारायचा, त्या दुपारी मात्र थेट वर्गाच्या दारापर्यंत आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. "बाई, मल्लूशेठ... चला," एवढंच म्हणाला. त्याच्याच जीपमध्ये बसून मी दवाखान्यात गेले. माझा धाकटा भाऊ मल्लिनाथ तोवर संपला होता. याला आता सात आठवडे झाले. रडून झालं, लोक भेटून गेले. भीती मात्र गेलेली नाही, आणि ती कशाची आहे हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

मल्लूचं गॅरेज गिरणीच्या मागच्या गल्लीत होतं. शाळा त्याने चौथीत सोडली. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचा, पण चार ओळी लिहायच्या म्हटल्या की घाम फुटायचा. म्हणून शाळा सुटली की मी गॅरेजात जायचे. तो गाडीखाली उताणा, मी शेजारी स्टुलावर. खालून आवाज यायचा, "अक्का, लिव." आज काय केलं ते एका ओळीत, आणि त्याखाली 'पुढचं', म्हणजे पुढच्या खेपेला काय बदलावं लागेल, तोवर काय जपायचं. हे मी गॅरेजच्या वहीत उतरवायचे, मग 'पुढचं' सुट्या भागांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहायचे आणि ते कार्ड तारेने गाडीच्या किल्लीला बांधायचे. सांगितलेलं काम झालं की मल्लू ते कार्ड स्वतः सोडवायचा. 'पुढचं' त्याने कधी रिकामं ठेवलं नाही. नवी कोरी गाडी घेऊन आलेल्या एका कापडवाल्याने हसून विचारलं होतं, "हिला काय झालंय?" मल्लू म्हणाला, "शेठ, फिरतंय त्ये झिजतंय की." आणि फॅनबेल्ट लिहायला लावला! त्या शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या कार्डांचं मला तोवर हसूच यायचं. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी ते थांबलं. त्या दिवशी दोन काळ्या अँबॅसेडर आल्या होत्या, एक डॉक्टरांची, एक वकिलांची. वकिलांच्या ब्रेकचा भाग पुण्याहून यायचा होता. तोवर गाडी गावाबाहेर काढू नका, असं मी कार्डावर लिहिलं, आणि पोरांचे शुद्धलेखनाचे मार्क कापणाऱ्या या बाईने ते डॉक्टरांच्या किल्लीला बांधलं. वकिलांची गाडी न्यायला त्यांचा गडी आला होता, त्याला कसलाच पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर कार्ड नाचवत आले, "अहो, माझे ब्रेक तर नवे आहेत!" वकील तेव्हा बायकामुलांना घेऊन करमाळ्याला कमळाभवानीच्या दर्शनाला निघालेले. मल्लूने फटफटीला किक मारली ती माझ्याकडे न बघताच.

तीन तास मी त्या स्टुलावर बसून होते. गल्लीच्या तोंडाशी कुणी जोरात बोललं तरी वाटायचं, आली बातमी. वकिलांच्या धाकट्या मुलीला मी शिकवत होते... मोहोळच्या अलीकडे ते सगळे चहाला थांबलेले सापडले. मल्लूने त्यांना सांगितलं, "माजी चूक झाली." दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कार्ड मालकाला मोठ्याने वाचून दाखवायचं, असं ठरलं.

मल्लू गेल्यावर दहाव्या दिवशी मी गॅरेजची ती वही उघडली. शेवटचं पान त्याच्या अक्षरातलं, कारण त्या दिवशी पेपरांपायी मी गेले नव्हते. जीपचा नंबर, दत्तोबाचं नाव. 'आज: आइल, प्लग, क्लचची तार.' त्याखाली 'पुढचं', आणि मग पेनाची एक रेघ पानाच्या कडेपर्यंत ओढलेली. दत्तोबा चहा सांगून परत आला तेव्हा मल्लू टेबलावर वाकलेला होता, हातात पेन होतं. त्या गाडीखाली त्याने काय पाहिलं होतं? मी गेले असते तर त्याने खालूनच सांगितलं असतं, माझ्याकडून ते लिहून झालं असतं. आणि त्याच जीपमधून मी दवाखान्यापर्यंत गेले, दत्तोबा रोज दहा-बारा माणसं नेतोय... त्याच दिवशी मी दत्तोबाला पोस्टकार्ड टाकलं, 'मिळताच गाडी उभी करा.'

दत्तोबाने मंगळवेढ्यात गाडी दाखवली, मग कुर्डुवाडीलाही नेऊन दाखवली. कुणालाच काही सापडलं नाही. बाजाराच्या दिवशी तो घरी आला. "ठणठणीत हाय म्हनत्यात. लिवा की बाई, काय न्हाय म्हनून." मी पेन उचललं. पण मल्लूच्या वहीत तसं कधी लिहिलेलंच नव्हतं, मला ते लिहवेना. मग गॅरेजातून आणलेल्या माझ्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं, आधीच नुसतं 'पुढचं' लिहून ठेवलेलं एक कार्ड त्याने उचललं आणि किल्लीला बांधलं. म्हणाला, "असूं द्या. काय लिवणार हुते ठावं न्हाय, म्हंजे समदंच बगाय पायजे."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी तो शाळेवरून जाताना दोनदा हॉर्न देतो. तो ऐकू येईपर्यंत मला फळ्यावर धड एक ओळ लिहिता येत नाही. गेल्या खेपेला पाऊण तास उशीर झाला. वर्ग तसाच सोडून मी फाटकाशी जाऊन उभी राहिले, आणि जीप दिसली तेव्हा त्याच्यावर ओरडलेच, "होतास कुठं?"

"मागचा टायर बदलत हुतो," तो म्हणाला. "तसा बरा हुता, बाई. पन म्हनलं, मल्लूशेठला ह्योच लिवायचा असंल तर?"

"मग आता कार्ड सोडव," मी म्हटलं.

त्याने किल्लीकडे पाहिलं आणि मान हलवली. "आनि ह्यो नसंल तर?"