ऑनलाइन मैत्रिणींची घरं बघणारे चाचा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांइतका चौकस माणूस अख्ख्या आखातात दुसरा नसेल, आणि असलाच तर चाचांनी एव्हाना त्याचं गाव, आडनाव आणि मामाचा धंदा विचारून घेतला असेल. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, अल ऐनमध्ये त्यांचं टायरचं दुकान. त्यांची पंधरा वर्षांची एकुलती एक मुलगी शाळा सुटली की हेडफोन लावून चार मैत्रिणींबरोबर मोबाइलवर गेम खेळत बसायची. चौघींपैकी एकीलाही तिनं प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. चाचांना हे काही केल्या पटेना. "जिच्या घरचा चहा प्यायलो नाही, ती मैत्रीण कसली?"

मग त्यांनी सरळ घरं बघायलाच सुरुवात केली. स्थळ बघायला निघाल्यासारखा कडक इस्त्रीचा शर्ट, हातात खजुराचा डबा, आणि गाडी माझी. कारण या टायरवाल्याच्या स्वतःच्या गाडीचे टायर कायम गुळगुळीत. दुबईत ऊद मेथा भागात एकीच्या वडिलांना त्यांनी "कुठले तुम्ही?" करून तासभर पिडलं. ते केरळचे निघाले, तरी चाचांनी ओळख रत्नागिरीच्या बंदरापर्यंत आणून भिडवलीच. चाचांची लेक लाजेनं गाडीतून उतरली नाही, आणि ती मैत्रीण खोलीतून बाहेर आली नाही. तिचा फक्त मेसेज आला, "युवर डॅड इज इन माय हाउस."

तिसऱ्या घरानंतर पोरींनी चाचांच्या लेकीला ग्रुपमधून काढून टाकलं. ती बापाशी बोलेना. चाचा माझ्याकडे येऊन मान खाली घालून बसले. "भाऊ, पोरीची होती नव्हती ती माणसं मीच तोडली हो."

उरली चौथी, शारजावाली. ती एकटीच अजून मेसेज करायची. तिच्या वडिलांची नोकरी गेली आणि ते कुटुंब येत्या शुक्रवारी कायमचं इंडियाला जाणार होतं. आठ दिवसांच्या अबोल्यानंतर लेक बापाशी पहिल्यांदा बोलली, "अब्बा, विल यू टेक मी?"

आम्ही गेलो तेव्हा घरात नुसती खोकी होती. दोघी एकाच खोक्यावर शेजारी शेजारी बसल्या आणि अर्धा तास आपापल्या मोबाइलमध्ये बघत राहिल्या. "बोलत का नाहीत?" चाचा कासावीस. मी हळूच डोकावलो, तर दोघी एकमेकींनाच मेसेज करत होत्या.

निघताना लिफ्टपाशी त्या पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आपली मैत्रीण आपल्याहून उंच की बुटकी, हे तोवर दोघींनाही ठाऊक नव्हतं. शारजावाली चांगली चार बोटं उंच होती. चाचांनी दोघींच्या डोक्यांवर तळहात ठेवला, म्हणाले, "अगदी सारख्या," आणि लिफ्ट आली तरी हात काही काढला नाही.