इंची पाने

आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळची एक अमेरिकन गाडी होती. साताऱ्यात तिला हात लावणारा मिस्त्री एकच, पण त्याला एका जागी उभं राहणं म्हणून ठाऊक नव्हतं. चहा दिला तरी कपबशी घेऊन गाडीभोवती फेऱ्या मारायचा, मध्येच बॉनेटला कान लावायचा. “काकू, गप जरा, ही कायतरी बोलतीया!” मी म्हणायची, “अरे, बस की बाबा, बघून मलाच गरगरतं.”

तिचे सगळे नट इंचाच्या मापाचे. तसले पाने त्याच्याकडेच होते, वडिलांनी ठेवलेले, कापडात गुंडाळलेले. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. हे गेले, मग गाडी चालवणार कोण? सांगलीचं गिऱ्हाईक आलं, सोबत त्यांचा मेकॅनिक. त्यानं मिलिमीटरचा पाना लावला, तो सटकला आणि नटाच्या कडा झिजल्या. आमचा मिस्त्री कळवळला. “आरं गड्या, इंची नट हाय त्यो! न्हाई बसायचा तुझा पाना!”

तरी सौदा झालाच. तेव्हा हा सायकलवरून घरी गेला, ते कापडाचं गाठोडं घेऊन आला आणि स्वतःच डिकीत ठेवलं. “न्या. हिला दुसरं काय चालत न्हाई.”

गाडी वळणाआड गेली. मी चहा आणला. तो पायरीवर बसला, आणि सगळा चहा बसूनच प्यायला. मीच आपली उगीच आत-बाहेर करत राहिले.