चाळीस मैलांवरची थरथर

आमची पिकअप ताशी चाळीस मैलांवर थरथरायची, म्हणून आम्ही ड्रायव्हरच्या हातांना बदामाचं तेल चोळलं.

हसू नका. घरातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून घेतलेला निर्णय होता तो. थरथरीचं खरं कारण पुढे त्या घरात एकाच माणसाला कळलं, आणि तो माणूस गप्प बसला. तो माणूस म्हणजे मी.

आमचा धंदा लग्नाकार्याला भांडी भाड्याने देण्याचा. तांब्याचे हंडे, परात म्हणावी की होडी असा प्रश्न पडेल अशा पराती, माणूस उभा राहील एवढी पातेली. थोरले बंधू अण्णा मालक होते. मी धाकटा, गडीमाणसांच्या तोंडी ‘चिक्कण्णा’, म्हणजे धाकटे अण्णा. तेविसाव्या वर्षी माझा हुद्दा एवढाच, ‘अरे, तू तिकडे हो!’ लढाई संपल्यावर लष्कराने काढून टाकलेली एक पिकअप अण्णांनी घेतली आणि मुनियप्पाच्या हाती दिली. त्याआधी तो आमची बैलगाडी हाकायचा. मूळचा कानडी, पण वीस वर्षं आमच्याकडे राहून तो आमचीच मराठी बोलायला लागला होता, आणि बैलांना हाकायचा तसंच ‘हो, हो, हळू रे राजा’ म्हणत पिकअपला ब्रेक लावायचा.

त्या वर्षी खंडेनवमीला गाडी धुण्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात एकच धर्म होता. डाग दिसला की काढायचा! चिंच लावून, राख लावून, नखाने खरवडून, पण काढायचा. अण्णा पूजेआधी प्रत्येक भांड्यात स्वतःचा चेहरा बघायचे आणि चेहरा धूसर दिसला तर भांडं परत पाठवायचे (चेहऱ्याचा दोष असू शकतो हे सांगायची कुणाची छाती नव्हती). मी पिकअपच्या पुढच्या चाकांना चिंच चोळत होतो, तर रिमच्या काठावर काळपट शिशाचे तुकडे! दोन डावीकडे, तीन उजवीकडे. चिंचेने जाईनात. मग मी पेचकस घालून ते उपटले आणि गटारात टाकले. चाकं अशी लखलखली की काय विचारता! अण्णा आले, वाकले, रिममध्ये स्वतःचा चेहरा पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “याला म्हणतात काम! शाबास!”

जन्मात पहिल्यांदा शाबास. मी ते दोन दिवस तोंडात घोळवत होतो.

त्याच आठवड्यात मुनियप्पा तुमकूरला लग्नाची भांडी पोचवून आला, तो घाबराघुबरा.

“अण्णा, गाडीला काहीतरी झालंय. पस्तीसपर्यंत गुणाची असते. चाळीस झाले की चक्र हातात थयथयतं. मागे पातेली अशी वाजतात, रस्त्यातले लोक वरात समजून बाजूला होतात!”

मस्तानसाब मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी तुमकूर रस्त्यावर गाडी चाळीसवर नेली, गिअर काढला, गाडी नुसती वाहू दिली. थरथर तशीच. “इंजिन नाही,” म्हणाले, आणि तरीही इंजिन उघडलं (उघडलं नसतं तर मेकॅनिक कसले!). स्क्रू आवळले, रबरं बदलली. थरथर तशीच.

शेवटी अण्णा म्हणाले, “मी बघतो.” अण्णांनी मल्लेश्वरमपासून मार्केटपर्यंत आणि परत स्वतः गाडी चालवली. शेजारी मुनियप्पा, मागे मी.

“कुठे थरथरते? लोण्यासारखी चालते!”

“अण्णा, तुम्ही वीसवर चालवताय.”

“मग? वीसवर चालते ती गाडी नव्हे काय? चक्र कोण धरतं?”

“मी.”

“माझ्या हातात हललं?”

“नाही.”

“मग कोण हलतं, ते तूच सांग!”

मुनियप्पाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. उताणे केले, पालथे केले. जणू दुसऱ्या कुणाचे तरी होते.

अक्का, आमची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि डॉक्टरांच्या आधी पोचायची. तिने मुनियप्पाला ओसरीत उभं करून हातात काठोकाठ भरलेला कॉफीचा लोटा दिला. “हलवू नकोस!” भोवती आम्ही दहा माणसं डोळे फाडून बघतोय! देवाचाही हात हलला असता. कॉफी सांडली.

“बघ! कॉफीनेच झालंय हे. दिवसाला किती पितोस?”

“स्वल्प, अक्का. सात-आठ वेळा.”

“अय्यो! बंद! आजपासून थेंब नाही.”

कॉफी बंद झाली. बदामतेल सुरू झालं. सकाळी अक्का एक हात चोळायची, संध्याकाळी दुसरा. आणि अण्णा मला खोलीत नेऊन हळूच म्हणाले, “पुढच्या सोमवारी एक नवा ड्रायव्हर गाडी बघायला येतोय. मुनियप्पाला वखारीत बसवू, पळ्या मोजायला. त्याला आताच सांगू नकोस.”

मुनियप्पा ते कधीचा जाणून होता. दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेलो तर पळ्यांच्या ढिगासमोर बसून तो सरावाला मोजत होता.

त्याच दिवशी मी सायकलची ट्यूब घ्यायला कँटोन्मेंटात टायरवाल्याकडे गेलो. आमच्या गाडीचे टायर त्यानेच बसवले होते. सहज म्हणून थरथरीची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, “रिमवरचं शिसं आहे ना जागेवर? चाक एका बाजूला जड असतं, ते सावरायला ठोकतो आम्ही. ते पडलं तर हळू चालवताना काही कळत नाही, चाळिसावर नाचायला लागतं.”

मी ट्यूब न घेताच घरी आलो.

आता कोणीही शहाणा माणूस सरळ जाऊन सांगेल, अण्णा, मी केलं. मी तोंड उघडायला गेलो की ते ‘शाबास’ आडवं यायचं. मला चोवीस तासांत सांगायचं होतं. मी आठ दिवस लावले! आठ दिवस तो माणूस तेलाच्या हातांनी घरात फिरत होता, दाराच्या कड्या निसटत होत्या, आणि आमच्या घरात कॉफीचा वास सुटला की परसात जाऊन उभा राहत होता.

सोमवारी पहाटे मी “हवा भरून आणतो” म्हणून गाडी नेली आणि टायरवाल्याच्या दारात बसलो. त्याने चाकं तोलून नवं शिसं ठोकलं. परत आलो तो नक्की सांगायचं ठरवून. पण अंगणात नवा ड्रायव्हर आलेला, आणि मुनियप्पा अण्णांना म्हणत होता, “एकदा, शेवटचं, मला गाडी तुमकूर रस्त्यावर नेऊ द्या.”

नव्या ड्रायव्हरला अंगणात ठेवून गेलो आम्ही तिघं, अण्णा, मुनियप्पा आणि मी. पस्तीस. अडतीस. चाळीस. पंचेचाळीस! गाडी हूं की चूं नाही. मुनियप्पाने एक हात चक्रावरून उचलून डोळ्यांसमोर धरला. स्थिर! तो रडायलाच लागला, आणि अण्णांनी (ज्यांनी मला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही) त्याच्या गळ्यात हात टाकला. “कॉफी होती रे, कॉफी!”

मी म्हटलं, “अण्णा...”

“काय?”

“काही नाही. सरी झालं, बरं झालं.”

मुनियप्पाने त्यानंतर सोळा वर्षं आमची गाडी चालवली आणि कॉफीचा एक थेंब घेतला नाही. लग्नघरी आचारी पहिला लोटा भांडीवाल्यांना देतो. आपल्या वाटचा लोटा मुनियप्पा माझ्यापुढे सरकवायचा आणि स्वतः गरम पाणी प्यायचा, पण डोळे मिटून, वास घेत. मी त्याच्या शेजारी बसून दोन्ही लोटे प्यायचो. सोळा वर्षं!

परवा त्याच्या घरी गेलो. तो आता गाडी चालवत नाही. अण्णा गेले, अक्का गेली, ओरडायला कुणी उरलं नाही, म्हणून मला धीर आला (असा मी शूर). सगळं सांगितलं. चिंच, पेचकस, गटार, आठ दिवस. म्हटलं, “मुनियप्पा, तुझे हात कधीच थरथरत नव्हते. मी केलं ते.”

त्याने माझा गुडघा थोपटला.

“चिक्कण्णा, तू पहिल्यापासून मऊ मनाचा. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून केवढं खोटं रचलंस!”

“खोटं नाही रे! शपथ!”

“सरी, सरी. शपथ कशाला खातोस? हात बघ कसे थरथरतायत तुझे.” त्याने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले. “किती वेळा पितोस दिवसाला?”

घरी येऊन बायकोला म्हटलं, “उद्यापासून माझी कॉफी बंद.”

“का? डॉक्टरांनी सांगितलं?”

“नाही,” मी म्हणालो, “ड्रायव्हरने.”