डोंगरावर लागलेलं जपान

आमच्या दूध सोसायटीतले एक कारकून दर रविवारी सहकुटुंब डोंगर चढायचे. पुढं हौशी रेडिओचं यंत्र घेतलेले ते, मागं डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर मोटारीची बॅटरी घेतलेल्या वहिनी, शेवटी तारेचं भेंडोळं सांभाळणाऱ्या दोघी मुली. माथ्यावर तार ताणायची आणि परमुलखातल्या अनोळखी माणसाला हवापाणी विचारायचं, एवढंच. त्यासाठी सरकारी परवाना! यंत्रावर आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, तसं घरीसुद्धा ते "भाकरी वाढ, ओव्हर" म्हणत. 'ओव्हर' ऐकल्याशिवाय वहिनी हलत नसत.

दुष्काळात तार घेऊन डोंगर चढतोय म्हणजे हा विहिरीची जागा सांगणारा पाणाड्याच, असं समजून एकदा निम्मं गाव मागं गेलं. मीही गेलो. त्या दिवशी जपान लागलं.

"तिकडं पाऊस हाय का, इचारा की," एक म्हातारा म्हणाला.

कारकुनांनी इंग्रजीत विचारलं. खरखरीतून उत्तर आलं, की आठवडाभर धो धो कोसळतोय, अगदी वीट आलाय.

इंग्रजी कळणारे आम्ही दोघंच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खाली आटलेल्या तळ्याकडं.

"तिथंबी थेंब न्हाय म्हणतोय. ओव्हर."

सगळे हळहळले. म्हातारा काठी टेकत यंत्रापाशी आला, वाकला आणि जपानला मोठ्यानं म्हणाला, "धीर सोडू नगं बाबा. आमी हाव. ओव्हर."