तीन चोर सप्लायर

गाडीची पुढची दोन चाकं फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर, मागची दोन दिघीच्या धक्क्यावर, आणि ब्रेक जाम. पायडलवरून पाय मी कधीच काढला होता. सीटवर मांडी घालून बसलो असतो तरी ती चाकं सुटली नसती.

"ओ मिस्त्री, पुढे घ्या नाहीतर मागे घ्या!" बोटीवरचा खलाशी ओरडला. "पाणी उतरतंय. बोट टेकली तर इथंच राहील."

मागे एक टेम्पो, दोन कार, मोटरसायकली. सगळ्यांचे हॉर्न. माझ्या शेजारी गाडीचे मालक इस्माईलचाचा. ते खाडीपलीकडे आगरदांड्याकडे बघत होते.

"सुभाष," ते शांतपणे म्हणाले, "परवा आपाचं विमान आहे."

मला ठाऊक होतं. दोन महिने मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

गाडी साठ वर्षांची, काळी, गोल पाठीची, विलायती. चाचांच्या अब्बांनी घेतलेली. चाचांची थोरली बहीण, म्हणजे आपा, लग्न होऊन निघाली ती याच गाडीतून धक्क्यापर्यंत आणि पुढे होडीने सासरी, आगरदांड्याला. आता तिचा मुलगा तिला कायमची कतारला नेत होता. जायच्या आधी तिला याच गाडीतून एकदा माहेरी आणायचं, एवढंच चाचांना हवं होतं. आणि त्यासाठी म्हसळ्यातला सर्वांत हुशार मेकॅनिक म्हणून त्यांनी मला गाठलं. ही पदवी मीच पसरवलेली होती.

इंजिन मी आठ दिवसांत बोलतं केलं. अडलं ते ब्रेकच्या रबरांशी. पायडल दाबलं की ब्रेकऑइल नळीतून चाकापर्यंत जातं. तिथल्या सिलिंडरमध्ये वाटीच्या आकाराची रबरं असतात, ती ढकलली जातात आणि ब्रेक लागतो. पाय काढला की रबरांनी मागे सरकायचं. नव्या गाड्यांचा आम्ही अख्खा सिलिंडरच बदलतो, त्यामुळे आतलं रबर कित्येक वर्षांत माझ्या हाताला लागलं नव्हतं. या गाडीचा सिलिंडर कुठेच मिळत नाही. रबरंच शोधावी लागतात.

पहिला सेट कुर्ल्याच्या एका व्यापाऱ्याकडून आणला. तिसऱ्या दिवशी चाकं जाम. उघडून बघतो तर रबरं फुगलेली. मी फोन लावला.

"शेठ, भंगार विकता का?"

"पुण्यात चार गाड्यांना हाच माल बसलाय. कोणाची तक्रार नाही."

"पुणेकरांना ब्रेक लागत नसतील," असं म्हणून मी फोन ठेवला. त्या वाक्यावर मी दिवसभर खूश होतो.

दुसरा सेट दिल्लीहून कुरियरने मागवला. तो चौथ्या दिवशी घाटात फुगला. माझ्याकडच्या हिंदी शिव्या लवकर संपल्या. पुढच्या मी मराठीत दिल्या.

तिसरा सप्लायर कोल्हापूरचा. शालनवहिनी. नमुना पाठवला की त्या मापाचं रबर ओतून देणारी बाई. त्यांचं पार्सल आलं, त्याच दिवशी त्यांचा फोनही आला.

"मिस्त्री, बसवायच्या आधी रबर धुतासा कशानं?"

"वहिनी, अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवतोय. धुणंभांडी शिकवू नका मला."

"बरं ऱ्हायलं," त्या म्हणाल्या.

त्यांची रबरं बसवून चौथ्या दिवशी आम्ही फेरीवर चाचणी घ्यायला आलो. उतारावर मी दोन-तीनदा ब्रेक मारला. शेवटचा लागला, तो लागलाच.

उपाय एकच होता. चाकामागे एक छोटा नळ असतो, त्याला आम्ही निप्पल म्हणतो. तो सैल केला की अडकलेलं तेल बाहेर पडतं आणि चाक मोकळं होतं. पण मग पायाचा ब्रेक उरत नाही, आणि धक्का तर पाण्याच्या दिशेने उतरता. राहिला हँडब्रेक. तो मीच दुरुस्त केलेला, म्हणून त्याच्यावर माझा फारसा विश्वास नव्हता.

"चाचा, तुम्ही उतरा."

"तू खाली झोपणार, मी उतरून काय करू? मी हँडब्रेक धरतो. तू कर."

खलाशाने पुढच्या चाकांना लाकडी पाचरी लावल्या. मी गाडीखाली सरकलो. पहिला निप्पल सैल केला, तेल कोपरापर्यंत आलं. दुसरा सैल केला आणि गाडी हलली. चार बोटंच, पण चाक पाचरीवर चढलं. माझं डोकं तिथून वीतभर. वर हँडब्रेक करकरला. मी देवाचं नाव घेतलं, चाचांनी त्यांच्या देवाचं घेतलं, आणि गाडी थांबली. कोणाच्या खात्यावर ते अजून ठरलेलं नाही.

मग मागच्या गाड्या हटल्या. टेम्पोवाल्यासकट सगळ्यांनी पुढून रेटा दिला आणि रिव्हर्स गिअरमध्ये आम्ही धक्क्याच्या वर आलो. बोट गेली. मी तिथेच उभा राहून, आजूबाजूला गर्दी असताना, स्पीकर चालू करून कोल्हापूरला फोन लावला. लोकांनाही कळू दे, सप्लायर काय लायकीचे असतात ते. पाच मिनिटं मी न थांबता बोललो.

"दमलासा?" शालनवहिनी म्हणाल्या. "आता सांगा. धुतलासा कशानं?"

"डिझेलमध्ये. आम्ही सगळंच धुतो."

ते खरं होतं. आमच्या किनाऱ्यावरची हवा खारी. नवा पार्ट दोन दिवस उघडा राहिला की गंजतो. म्हणून पार्सल फोडलं की स्प्रिंग, बेअरिंग, नटबोल्ट, सगळं आधी डिझेलच्या डब्यात. अठ्ठावीस वर्षांचा हात. त्यात रबरंही गेली. तिन्ही वेळा.

पलीकडून वहिनी ओरडल्या.

"अवो, त्ये रबर डिझेल पितंय! पिऊन फुगतंय! ब्रेकऑइलबिगर कशाचा थेंब लावायचा न्हाई त्येला. पाकिटावर छापलंय."

"पाकीट?"

"फाडून टाकलं असशीला. ठावं हाय."

टेम्पोवाला खो-खो हसला. मी स्पीकर बंद केला, पण उशीर झाला होता. चाचा हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "अजून एक सेट असला तर उद्या होईल?"

तो होता. चाचांनी तीस वर्षं कुवेतला काढलेली, आणि तिकडून आलेला माणूस प्रत्येक वस्तूची जोडी आणतो. वहिनींचा दुसरा सेट चाचांनी परस्पर मागवून घरच्या कपाटात ठेवला होता. माझ्या डब्यापर्यंत तो पोचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात मी सगळ्या नळ्या, सिलिंडर नव्या ब्रेकऑइलने धुऊन काढले. मग पाकीट उघडलं. आणि सांगायला लाज वाटते, हात आपोआप टूलबॉक्सशेजारच्या डब्याकडे गेला. चाचांनी मनगट धरलं.

"मिस्त्री. ही शेवटची आहेत."

पुढचे तीन तास चाचा डिझेलचा डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसून होते. चहासुद्धा त्यांनी तसाच प्यायला.

दुपारी पुन्हा धक्का. खलाशी आम्हाला बघताच पाचरी घेऊन धावला. मी उतारावर ब्रेक मारला, थांबलो, श्वास रोखून पाय काढला. गाडी अलगद पुढे सरकली. चाचांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर थाप मारली. जरा जोरातच.

आगरदांड्याला आपा दारातच उभी होती. काठी चाचांच्या हातात देऊन तिने पुढचं दार उघडलं.

"अब्बांच्या वेळी मला मागं बसवायचे," ती म्हणाली. "आज मी पुढं बसणार. इस्माईल, तू जा मागं."

परतीच्या बोटीवर चढताना तिने माझ्याकडे वळून विचारलं, "मिस्त्री, ब्रेक लागतो ना?"

"लागतो, आपा. आता सुटतोही."

गाडी आजही चालते, तीच रबरं आहेत. मी तिघांनाही माफीचे फोन केले. दिल्लीवाला हसला. शालनवहिनी आता प्रत्येक पार्सलसोबत एक चिठ्ठी घालतात, मोठ्या अक्षरात, माझ्या नावाने. कुर्ल्याच्या शेठने मात्र माझा नंबर ब्लॉक केलाय. त्यांचा माल चांगला असतो, म्हणून तो मी चाचांच्या नावाने मागवतो.

तिन्ही सप्लायर भरवशाचे निघाले. गिऱ्हाईक तेवढं त्यांनी तपासून घ्यायला हवं होतं.