खुटबावात राहिलेलं हेल्मेट

चहा घ्या आधी, मग सांगतो. आणि हसायचं असेल तर पोटभर हसा, मधेच थांबून माझी कीव करू नका. कुठून सुरुवात करू तेच कळत नाही, कारण या घोळात माझ्या बाजूनं बोलावं असं काही शिल्लकच नाही.

मी दौंडचा, ख्रिस्ती. कुरकुंभला औषधांच्या कंपनीत शिफ्टला जातो. ईस्टरच्या आधी आमच्यात चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. ज्याचा मोह सुटत नाही ते तेवढे दिवस सोडायचं आणि प्रार्थना करायची. कुणी चहा सोडतं, कुणी मोबाइल. हे सगळं गुपचूप करायचं असतं. आमच्या शास्त्रातही तसंच सांगितलंय, उपास करताना तोंड धुवा, चेहरा ताजा ठेवा, लोकांना कळू देऊ नका.

मी काय केलं? चर्चमध्ये भर उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिलो. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं सांगायचं. मी देवाचं राहू दिलं आणि माझंच सांगितलं. "ईस्टरपर्यंत मटणाचा तुकडा तोंडात घालणार नाही." मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, कारण मी मटण कसं खातो हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, नंतर हळूच म्हणाले, "शमुवेल, आधी सोडायचं, मग बोलायचं."

पण मी ऐकतो होय! दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कॅन्टीनमध्येही तेच सांगितलं. तिथं दत्ता होता. दत्ता खुटबावचा, माझ्याच शिफ्टचा. तो घरी जाऊन वडिलांना सांगेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दत्ताच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. आबांच्या तोंडात वर्षानुवर्षं तंबाखू. डॉक्टरनं तोंड उघडायला लावून सांगितलं होतं, ही आता सोडा, नाहीतर अवघड आहे. दत्तानं हात जोडले, सूनबाई रडली, आबांची काही सुटली नाही. आणि काय झालं असेल? माझं ऐकून आबांनी तंबाखूची पिशवी चुलीत घातली. "त्यो पोरगा मटण सोडतोय, तर मला ही तंबाखूची धूळ सोडता येत न्हाई व्हय? त्येच्या सणापतोर न्हाई खात." दत्तानं कंपनीत येऊन हे सांगितलं आणि मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी इतका फुगलो की लॉकरला लावलेला माझा ॲप्रन मला बसेना.

मग आली खुटबावची जत्रा. दत्ता म्हणाला, "आबांनी तुला खास बोलावलंय. जत्रेत मटण असतंय, पण तुझी वेगळी सोय हाय." मी म्हटलं, येतो की. मनात म्हटलं, मोहाच्या घरात जाऊन कोरडा परत येईन, ईस्टरला सांगायला मोठी साक्ष होईल.

दुपारी गाडी घेऊन निघालो. डोक्यावर हेल्मेट, त्यावर मी हौसेनं लावलेला पांढरा क्रूस. गावात शिरलो आणि वास आला. आता तुम्ही जत्रेच्या दिवशी गावात गेलाय का कधी? घराघरात पातेली, गल्लीभर तो मसाल्याचा वास. मी गाडी हळू केली. आबांचं घर पुढच्या गल्लीत. तेवढी गल्ली ओलांडली असती तरी भागलं असतं.

एका मांडवातून एक माणूस आला आणि त्यानं माझा दंड धरला. "या पाव्हणं, या. पंगत बसतीया." जत्रेत कोण कुणाचा पाहुणा हे कुणी विचारत नाही.

मी म्हणायला हवं होतं, मला मटण चालत नाही. मी म्हटलं, "जरा घाईत आहे."

"दोन घास खायाला कसली घाई? कुठलं पाव्हणं?"

"शिरूरचा."

"नाव?"

"बाळू," मी म्हटलं. का म्हटलं ते मला आजही माहीत नाही. बहुतेक शमुवेलनं मटण सोडलं होतं, बाळूनं सोडलं नव्हतं.

हेल्मेट मांडवाच्या खांबाला अडकवलं आणि बसलो. आता सैतान तुम्हाला शिंगं दाखवत येतो असं वाटत असेल तर तसं नाही. तो शहाण्या वकिलासारखा शेजारी बसतो. म्हणाला, तू तुकडा खाणार नाही म्हणालास, रश्शाचं कुठं बोलला होतास? मला पटलं. भाकरी चुरली, वर रस्सा घेतला. मग वाढप्यानं वाटीत दोन फोडी टाकल्या. वकील म्हणाला, अन्न टाकायचं नसतं. तेही पटलं. त्यानंतर वकिलाची गरज पडली नाही. मी स्वतःच वाटी पुढं करत होतो.

हात धुतले, बडीशेप चावली, मिशा पुसल्या आणि गाडी ढकलत आबांच्या दारात गेलो. दत्ता नव्हता, कुस्त्यांच्या आखाड्यावर गेला होता. बाकी सगळ्यांची जेवणं झालेली. ओट्यावर आबा एकटेच बसले होते.

"आलात? म्या म्हनलं वाट चुकला जणू. सूनबाई, घ्या वाढायला."

दोन ताटं आली. पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा, भाकरी. सूनबाई म्हणाली, "भाऊजी, तुमच्यासाठी वेगळी चूल घातली. भांडीबी वेगळी हायेत, मटणाचा हात न्हाई लागू दिला."

मी दुसऱ्या ताटाकडं बघितलं. "हे कुणाचं?"

"माझं," आबा म्हणाले.

"तुम्ही मटण नाही खाल्लं? आज जत्रा आहे आबा."

"व्हय. वरीसभर वाट बघतो म्या ह्या दिसाची. पण तुमी कोरडं खायाचं आन् म्या तुमच्याम्होरं हाडकं चोखायची? बरं दिसतं का त्ये? बसा."

बसलो. अहो, काय सांगू. ती भाकरी माझ्या घशाखाली उतरेना. वर रस्सा उभा होता. आबा भुकेले होते, मोडून मोडून खात होते आणि मला आग्रह करत होते. "लाजू नगा. उपाशी माणसानं लाजू न्हाई."

तेवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या काशीकाकू आल्या. मी जेवत होतो तेव्हा त्या मांडवामागं चुलीपाशी होत्या, मला त्यांनी पाहिलं नव्हतं. हातात हेल्मेट. माझं.

"आबा, आमच्या मांडवात एक शिरूरचं पाव्हणं जेवून गेलं. बाळू का कोन. लय जेवलं म्हनं, पातेल्याचा तळ दाखवला. आन् ह्ये इसरून गेलं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमचं न्हवं ना भाऊ?"

"नाही," मी म्हटलं.

सूनबाई म्हणाली, "भाऊजी, तुमच्या गाडीवर हेल्मेट दिसंना ते?"

"मी घालतच नाही."

आबांनी हेल्मेट हातात घेतलं. क्रुसावरनं अंगठा फिरवला. मग माझ्याकडं बघितलं. "तुमचं न्हवं?"

"नाही आबा."

आमच्या शास्त्रात पेत्र नावाच्या शिष्यानं आपल्या प्रभूला असंच तीनदा नाकारलं, आणि मग कोंबडा आरवला. खुटबावात कोंबडा आरवला नाही. जत्रा होती, आरवायला एकही शिल्लक नव्हता.

पण एक झालं. आबांचा हात बंडीच्या खिशात गेला. तंबाखूची पिशवी तिथं असायची. मी बघत राहिलो. माझ्यामुळं सुटलेली माझ्यामुळंच परत लागणार, दुसरं काय. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी भाकरी कुस्करत बसलो. हात तसाच रिकामा बाहेर आला. आबा काशीकाकूंना म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितं. येईल त्यो न्यायला."

मी उघड्या डोक्यानं दौंडला परत आलो. बायकोला सांगितलं, हेल्मेट कंपनीतून चोरीला गेलं. बघा, एका वाटी रश्शापायी कुठंवर गेलो. त्यानंतर मटणाला शिवलो नाही, पण त्याला काय अर्थ होता? रोज प्रार्थनेला बसायचो आणि डोळे मिटले की आबांचा तो रिकामा हात दिसायचा. दत्ताला विचारायची हिंमत नव्हती, आबांनी परत सुरू केली का म्हणून.

ईस्टरच्या दिवशी दत्ता आबांना घेऊन आमच्याकडं जेवायला आला. आबांच्या हातात कापडी पिशवी. सुनीता, म्हणजे माझी बायको, मटण वाढत होती आणि माझं कौतुक थांबवत नव्हती. "आबा, यांनी चाळीस दिवस वाससुद्धा घेतला नाही हो."

"ठावं हाय की पोरी," आबा म्हणाले. "म्या हाय साक्षीला."

माझ्या हातातली भाकरी ताटात पडली. मी म्हटलं, "आबा, ते हेल्मेट माझं होतं."

सुनीता म्हणाली, "कुठलं हेल्मेट? ते तर चोरीला गेलं ना?"

आबांनी पिशवीतून हेल्मेट काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. पुसून स्वच्छ केलेलं. मग मी सगळं सांगितलं, बाळूसकट. दत्ता आ वासून ऐकत होता. सुनीतानं वाढायचा चमचा खाली ठेवला होता.

"आबा, तंबाखू?" मी विचारलं.

"न्हाई खाल्ली. त्या दिशी वाटलं खावी. लय वाटलं. मग म्हनलं, ह्यो घसरला म्हून म्या बी घसरायचं व्हय?" आणि माझ्या ताटात फोड टाकली. "खावा आता. आज चालतंय तुमाला."

मी खाल्ली. रडत खाल्ली, लपवायचं कशाला.

वर्ष होत आलं, आबांनी तंबाखू अजून धरलेली नाही. पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, उपवासकाळ खरा पाळला तो आबांनीच. हेल्मेटची गोष्ट पुढं मंडळीभर झाली. आणि परवा या वर्षीच्या उपवासकाळासाठी त्यांनी मंडळीला विचारलं, "कोण काय सोडणार, मनातल्या मनात ठरवा." मी मान खाली घालून गप्प बसलो. कधी नव्हे ते शहाण्यासारखा वागलो.

तर बायकांच्या बाजूनं आवाज आला, "आमचे हे हेल्मेट सोडतील."

सगळी मंडळी हसली. आवाज माझ्या सुनीताचा होता.