वस्तऱ्याने भादरलेला कुत्रा

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे ‘वस्तरा’ म्हणतात. धंद्यामुळे नव्हे, जिभेमुळे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की त्याच्या मानेभोवती टॉवेल आवळत हा विचारतो, "मागच्या वेळी कुठल्या शत्रूकडून कापून घेतलेत?" कुणाचाही वाढलेला केस हा त्याला स्वतःचा अपमान वाटतो. अशा माणसाच्या घरी नवरा वारल्यावर थोरली बहीण राहायला आली. आईमागे तिनेच याला वाढवलं होतं, तेव्हा तिला नको म्हणायची सोय नव्हती. पण ती सोबत पायपुसण्यांचा एक चालता ढीगही घेऊन आली.

"ताई, याचं तोंड कुठल्या बाजूला आहे?"

"चावेल तेव्हा कळेल."

कुत्रा मेंढपाळांच्या जातीचा. त्याच्या वाडवडिलांनी थंड डोंगरांवर मेंढरं वळली होती. इथे मेंढरं नाहीत म्हटल्यावर त्याने गिऱ्हाइकं वळायला घेतली. बाकावरचा कुणी कंटाळून समोरच्या नव्या, चकाचक सलूनकडे निघाला, की हा वळसा घालून आडवा येई आणि पोटरीला नाक लावून त्याला परत बाकावर नेऊन बसवी. वस्तऱ्याला वाटे, लोक आपल्या कसबासाठी थांबतात.

ताई रोज संध्याकाळी कुत्र्याचे केस थराथराने बाजूला करून पार कातडीपर्यंत ब्रश फिरवी, कानामागच्या गाठी बोटांनी सोडवी. वस्तरा पाहून धुमसे.

"मशीन फिरवतो. उन्हाळ्यात सुटेल बिचारा."

"वरचे केस ऊन अडवतात त्याचं. विंचरायचे असतात, कापायचे नसतात."

"केसांतलं मला शिकवतेस?"

"त्याला हात लाव, मी या घरात दिसणार नाही."

एका दुपारी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि वस्तऱ्याने डाव साधला. पोतंभर केस निघाले. आतून बोकडाएवढा, गुलाबी, ओशाळलेला प्राणी बाहेर आला. सवयीने तो दारात उन्हात जाऊन बसला आणि तासाभरात पाठ लालबुंद होऊन कण्हत खुर्चीखाली शिरला.

ताई आली. खुर्चीखाली वाकून बघितलं. ओरडली असती तर वस्तऱ्याने दोन हात केले असते; तिने नुसती पिशवी भरली. समोरच्या सलूनच्या वरची खोली रिकामीच होती.

पाठ बरी झाल्यावर कुत्रा ताईच्या नवऱ्याचा जुना सदरा घालून कामावर रुजू झाला. समोरच्या सलूनच्या दारात. आता वस्तऱ्याकडे निघालेली माणसंही तिकडच्या बाकावर जमा होऊ लागली.

"फितूर!" वस्तरा आपल्या दारातून ओरडे. कुत्रा दात दाखवी.

अखेर एका सकाळी वस्तऱ्याने नवाकोरा ब्रश घेतला आणि रस्ता ओलांडला. कुत्र्याने गुरगुरत वळसा घातला आणि पोटरीला ढुशा देत त्याला शत्रूच्या बाकावर बसवलं. ताई जिन्यात उभी होती.

"ब्रश ठेव आणि नीघ. केस वाढल्याशिवाय मी येत नाही."

"वाढतायत की त्याचे!"

"तुझेही वाढव. बघू दे, कसं वाटतं."

सध्या दोघांचेही वाढतायत. कुत्र्याचे ठिगळाठिगळाने, वस्तऱ्याचे कानांवरून. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा आत डोकावून विचारतं, "काका, कुठल्या शत्रूकडे जाता?"

वस्तरा कात्री आपटतो. झिपऱ्या डोळ्यांवरून सारतो आणि समोरच्या जिन्याकडे बघतो.